मनातले मांडे आणि ताटातला क्रोसाँ

"शुगर निघाली. आता आवडीचं सगळं संपलंच की हो?"

बेळगावच्या टिळकवाडीतल्या माझ्या खोलीत हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडांतून येत राहतो. कुणी कुंद्यासाठी विचारतं, कुणी गोकाकच्या करदंटासाठी, कुणी बेकरीतल्या खारीसाठी. मी आहारतज्ज्ञ नाही, समुपदेशक आहे. काय खायचं आणि किती, हे डॉक्टरांनी सांगायचं. ते ऐकून घरी गेल्यावर माणसाच्या मनात जे सुरू होतं, ते माझ्याकडे येतं.

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेतल्या बाईंची गोष्ट सांगते. त्यांना विचारून लिहिते आहे, आणि ओळख पटेल असं सगळं बदललेलं आहे. वय ५२. राहायला बेळगावात, शाळेला रोज बसने जाऊन-येऊन. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, ६.३ टक्के आली होती. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ पासून पुढे मधुमेह. डॉक्टर कानडी. रिपोर्ट बघून एवढंच म्हणाले, "सिही बेड, बेकरी बेड." गोड नको, बेकरी नको. बाईंना कानडी चांगलं येतं, त्यामुळे समजण्यात काही राहिलं नाही. घरी मुलानं आणि सुनेनं ते वाक्य घट्ट धरलं. साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. बाईंनी कपाट उघडलं की आतून आवाज, "आई, काय खायलीयस गं?"

पहिल्या दोन भेटींत त्यांनी मला खाण्याचा हिशेब दिला. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, ताक, सकाळी चालणं. एवढं नीटनेटकं असूनही त्या रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जाग्या राहत होत्या. तिसऱ्या भेटीत त्यांनी पर्समधून चुरगाळलेली कागदी पिशवी काढली आणि टेबलावर ठेवली.

"ताई, हे दर शनिवारचं आहे."

शनिवारी सकाळची शाळा. परत आल्यावर स्टँडवरून घरी न जाता त्या कॅम्पात एका बेकरीत जात आणि क्रोसाँ, म्हणजे पापुद्र्यांचा फ्रेंच पाव, घेत. एक नाही, तीन. मुलीनं पुण्यात पहिल्यांदा खायला घातला, तेव्हापासूनचं हे वेड. रस्त्याच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून, उभ्या उभ्या पाच मिनिटांत तिन्ही संपवायचे. पदर झटकायचा, पिशवी गटारात टाकायची. मग घरी "पोट बरं नाही" सांगून रात्री जेवायचं नाही. रविवारी दिवसभर स्वतःला बोल लावायचे.

मी विचारलं, "चव कशी असते?"

बाई गप्प झाल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "आठवत नाही बघा. आठवडाभर मात्र तेच डोक्यात. वर्गात पाढे घेताना पण. मनातच मांडे चालू असतात."

बेळगावात हा वाक्प्रचार नुसता बोलण्यापुरता नाही. उलट्या मडक्यावर भाजलेला, रुमालासारखा पातळ, आत पिठीसाखर भरलेला मांडा इथल्या लग्नाच्या पंगतीत खरोखर पानात पडतो. बाईंचं मात्र उलटं झालं होतं. पोटात गेलेलं मनाला कळत नव्हतं, आणि मनातलं काही केल्या संपत नव्हतं.

१९७५ साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थिनींवर एक प्रयोग केला होता. काहींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि नंतर सगळ्यांना हवं तेवढं आइस्क्रीम खायला सांगितलं. एरवी खाण्याचा धाक नसलेल्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. सतत स्वतःला आवरणाऱ्या मुलींनी उलट जास्त खाल्लं. एकदा मोडलंच आहे तर मोडू दे, असं मन म्हणतं. बाईंचा दुसरा आणि तिसरा क्रोसाँ मला तिथे दिसला. पहिला आवडीचा होता. पुढचे दोन "आता पुन्हा कधीच नाही" या शपथेचे.

बाई चौथीला गणित शिकवतात, म्हणून आम्ही हिशेब मांडला. ५७ ग्रॅमच्या मध्यम क्रोसाँत साधारण २३० कॅलरी, २६ ग्रॅम कर्बोदकं आणि १२ ग्रॅम चरबी, त्यात निम्म्याहून अधिक संपृक्त (सॅच्युरेटेड). ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीतली कर्बोदकं याहून जास्तच भरतात. बाईंनी आकडे दोनदा तपासले. भाकरीऐवजी क्रोसाँ खावा असा याचा अर्थ नाही. ज्वारीत चोथा असतो, इथे मैदा आहे, आणि ही चरबी रोज झेपणारी नाही. पण एक क्रोसाँ म्हणजे विष नव्हे, हे त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून पाहिलं. उपाशीपोटी, घाईत तीन खाणं आणि रात्रीचं जेवण चुकवणं, यानं साखर आणि झोप दोन्ही जास्त बिघडत होत्या.

मग मी उपवासाचं विचारलं. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी, वाटी भरून, वर बटाट्याची भाजी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, साखर झपाट्यानं वाढवणारा. त्यावर घरात कुणी काही म्हणत नव्हतं आणि बाईंनाही कधी अपराधी वाटलं नव्हतं. हे मी अनेक घरांत पाहते. ज्याला देवाची परवानगी आहे ते मोजलं जात नाही, आणि जे बेकरीतून येतं ते पाप ठरतं. शरीराला हा भेद कळत नाही. तो दिवस बाईंना जड गेला. मलाही सांगताना जड गेलं, कारण श्रद्धेच्या जागी हात घालायची माझी इच्छा नव्हती. खिचडी वाटीवरून अर्ध्या वाटीवर आली, सोबत दाण्याची आमटी आणि काकडीची कोशिंबीर. उपवास तसाच राहिला.

क्रोसाँसाठी त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घेतलं. ठरलं ते असं: शनिवारी एकच आणायचा. घरी, सगळ्यांसमोर, बशीत. जेवण झाल्यावर, उसळ-कोशिंबीर पोटात असताना. नंतर वीस मिनिटं चालायचं. सुनेला मी बोलावून घेतलं. ती बिचारी सासूच्या काळजीपोटीच पहारा देत होती, तिच्या माहेरी वडिलांचा पाय मधुमेहानं गेला होता. हे बाईंना तोवर माहीतच नव्हतं. दोघी माझ्यासमोर रडल्या.

पुढच्या भेटीत बाई आल्या त्या थोड्या रागावूनच.

"ताई, तो चांगलाच नव्हता की! वरून कुरकुरीत, पण टाळूला काहीतरी चिकटून बसतं. पाणी प्यायलं तरी जात नाही."

क्रोसाँत मैद्याच्या आणि लोण्याच्या घड्यांवर घड्या असतात. भट्टीत लोण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि थर उचलते. लोणी अंगाच्या उष्णतेला वितळतं, म्हणून तोंडात विरघळतं. स्वस्तात बसवायचा तर लोण्याऐवजी मार्गारीन किंवा वनस्पती तूप (डालडासारखं) वापरतात. त्यातले काही प्रकार तोंडात पूर्ण वितळत नाहीत आणि टाळूवर थर धरतात. पूर्वी अशा तुपात ट्रान्स फॅट, म्हणजे हृदयाला घातक चरबी, भरपूर असायचं. जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातलं त्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या वर नको असा नियम आहे. बाई कितीतरी शनिवार भिंतीकडे तोंड करून जे खात होत्या, ते त्यांना आवडतच नव्हतं. हे कळायला एक बशी आणि एक खुर्ची लागली.

हे सगळ्यांना लागू करू नका. ज्यांना खाणं सुरू झालं की थांबताच येत नाही, जे खाऊन मुद्दाम उलटी काढतात, त्यांनी आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटावं. जे इन्सुलिन घेतात त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाची वेळ किंवा प्रमाण बदलू नये.

मधे एकदा घसरगुंडी झाली. वडगावात भाचीचं लग्न होतं, मांडे होते, कोमट दूध होतं. बाईंनी तीन खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फोन, रडत. मी विचारलं, रात्री जेवण चुकवलं का? नाही. लपून खाल्ले का? नाही, बहिणीशेजारी बसून, गप्पा मारत. चव आठवते का? त्यावर त्या मांड्यांविषयी दहा मिनिटं बोलत राहिल्या. वेलची, खसखस, आईच्या लग्नातला कुठला तरी आचारी. फोन ठेवताना रडणं थांबलं होतं आणि संध्याकाळी दुप्पट चालायचं का, हेही त्या विचारायला विसरल्या.

तीन महिन्यांनी एचबीए१सी ६.२ आला. फार नाही उतरला. डॉक्टर म्हणाले, वाढला नाही हेही चांगलं, चालणं सोडू नका. झोप मात्र परत आली आहे.

मागच्या शनिवारी बाईंचा निरोप आला. सून बाजाराला निघाली होती, दारातूनच तिनं विचारलं म्हणे, "आई, बेकरीतनं काय आणू?"

बाई म्हणाल्या, "लोण्याचा असला तर एक आण. नसला तर राहू दे, घरात पेरू आहेत."