‘अस्थिर’ आणि ‘अल्पायुषी’ रेणू

प्रश्न असा आहे : गंधकयुक्त रेणूंच्या वर्णपटावरील लेख मराठीत आणताना ‘अनस्टेबल’ आणि ‘शॉर्ट-लिव्ह्ड’ या दोन्हींना ‘अस्थिर’ म्हटले तर चालेल का? ‘क्षणभंगुर’ कसा वाटतो?

दोन्हींना एकच शब्द नको. ‘अस्थिर’ हा रेणूचा स्वभाव झाला : संधी मिळताच मोडणारा किंवा दुसऱ्याशी जुळणारा. ‘अल्पायुषी’ ही मुदत झाली, आणि ती दाब-तापमानावर ठरते.

डायसल्फर मोनॉक्साइड (दोन गंधक अणू, एक ऑक्सिजन) घ्या. १९३३ साली रसायनशास्त्रज्ञ शेंक यांनी सल्फर डायऑक्साइड आणि गंधकाची वाफ यांच्या मिश्रणात विद्युत विसर्ग घडवून एक वायू मिळवला. तो सल्फर मोनॉक्साइड समजला गेला. खरा सल्फर मोनॉक्साइड मिलिसेकंदांत संपतो. हा मात्र पाऱ्याच्या १ मिमी.पेक्षा कमी दाबाला कोरड्या काचपात्रात तासन्‌तास टिकत होता! १९५६ मध्ये मेशी आणि मायर्स यांनी त्याची खरी ओळख पटवली. पुढे सूक्ष्मतरंग वर्णपटातून त्याची वाकडी गंधक-गंधक-ऑक्सिजन रचनाही मिळाली. अशा रचनेत दोन गंधक अणूंच्या जागा वेगळ्या असतात. म्हणून निसर्गात सुमारे ४ टक्के असलेला गंधक-३४ (गंधकाचा जड समस्थानिक) कुठल्या जागी बसला त्याप्रमाणे वर्णपटात फिक्या रेषांचे दोन स्वतंत्र संच पडतात. ऑक्सिजन मधोमध असता तर एकच संच पडला असता.

हा वायू आजही थायोनिल क्लोराइडची वाफ सुमारे १६०° से.च्या सिल्व्हर सल्फाइडवरून कमी दाबाला नेऊन करतात. दाब वाढू दिला, पात्रात ओल राहिली किंवा वायू गोठवून पुन्हा वितळवला, की बिघडलेच : सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि भिंतींवर गंधकाचा बहुवारिक (लांब साखळ्यांचा, पॉलिमर) थर चढतो. म्हणजे रेणू अस्थिर खरा, पण जपला तर अल्पायुषी नव्हे.

उलट उदाहरण उत्तेजित (ऊर्जा शोषून वरच्या अवस्थेत गेलेल्या) सल्फर डायऑक्साइडचे. रेणू पक्का स्थिर, फक्त ती अवस्था अल्पायुषी. थायोफॉर्माल्डिहाइड (ऑक्सिजनच्या जागी गंधक असलेला फॉर्माल्डिहाइड) प्रयोगशाळेत तिघे-तिघे जुळून ट्रायथिएन हा वलयाकार रेणू होतो; आंतरतारकीय ढगांत भेटायलाच कोणी नसते, त्यामुळे तिथे तो खुशाल टिकतो. तेव्हा ‘अल्पायुषी’ लिहिलेत की कुठल्या दाबाला, कुठल्या तापमानाला, तेही लिहा.

‘क्षणभंगुर’ कीर्तनात शोभतो. ‘ट्रान्झिएंट’साठी ‘क्षणस्थायी’ बरा. आणि हिंदी कोशातून शब्द उचलत असाल तर सांभाळून : तिथला ‘अणु’ म्हणजे आपला रेणू, आणि ‘परमाणु’ म्हणजे आपला अणू.