महामारीत डॉक्टर-नर्स कमी पडतात हे दर वेळी दिसतं, मग आधीच जास्त भरती का करून ठेवत नाहीत? मनुष्यबळाचं नियोजन नक्की कसं होतं?

कारण 'किती माणसं लागतील' हा आकडाच महामारीत दर आठवड्याला बदलतो. आणि तो फक्त रुग्ण वाढले म्हणून बदलत नाही.

कोव्हिडच्या दोन लाटांत आयसीयूच्या सिस्टर्सची ड्यूटी लावायचं काम माझ्याकडे होतं. पद काही मोठं नव्हतं. एक वही, पेन्सिल, खोडरबर आणि सारखा वाजणारा फोन, एवढाच संसार. पण वर ठरलेलं धोरण खाली येऊन कुठे अडकतं, ते त्या वहीत स्वच्छ दिसायचं.

आधी हिशेब सांगते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. दहा खाटांचा आयसीयू घ्या. दोन रुग्णांमागे एक नर्स धरली तर कुठल्याही क्षणी पाच जणी हव्यात. दिवसाच्या तीन पाळ्या, आठवड्याचे सात दिवस, म्हणजे १०५ पाळ्या. एकीच्या वाट्याला आठवड्याला पाच पाळ्या, म्हणून २१ जणी. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की २५-२६. हे झालं साध्या दिवसांचं.

आता साथ आली. संरक्षक पीपीई किट एकदा चढवलं की पाणी नाही, बाथरूम नाही, चष्म्यावर वाफ. आठ तास कुणाच्याने होत नाही. म्हणून आम्ही सहा-सहा तासांच्या चार पाळ्या केल्या. १०५ पाळ्यांच्या १४० झाल्या. त्यावर सात दिवस ड्यूटी आणि सात दिवस विलगीकरण असा नियम आला. ड्यूटीच्या आठवड्यात एकीने सातही दिवस यायचं, तरी एका तुकडीत २० जणी लागतात. तुकड्या दोन, म्हणजे ४०. दहातली एक आजारी पडणार असं धरा (आमच्याकडे त्याहून जास्त पडल्या), की झाल्या ४५. एक खाट वाढली नाही, एक रुग्ण वाढला नाही, आणि २६ च्या ४५ झाल्या. आणि मग खाटा दहाच्या तीस करायचा आदेश आला.

तुमच्या 'आधीच भरती' या मुद्द्याची अडचण इथे आहे. ४५ चा तिप्पट आकडा धरून कोण कायमची पदं भरेल? साथ नसताना त्यातली बहुतेक माणसं रिकामी दिसणार आणि पहिल्याच काटकसरीत ती पदं जाणार. शिवाय माणसं आहेत कुठे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली, म्हणजे कोव्हिडचा पुरता भडका उडायच्या आधीची आकडेवारी मांडली, त्यात जगभर सुमारे ५९ लाख नर्सेस कमी होत्या, आणि ही तूट मुख्यतः गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होती. श्रीमंत देश पैसे टाकून बाहेरून नर्सेस नेतात, तेव्हा जिथून त्या जातात तिथलं भोक मोठं होतं. याबाबत त्याच संघटनेची २०१० पासून आचारसंहिता आहे, पण ती ऐच्छिक आहे. ऐच्छिक म्हणजे काय, ते सांगायला नको.

म्हणजे आधी काहीच करता येत नाही असं नाही. फक्त मोजायचं काय, ते बदलावं लागतं. मंजूर पदं किती, भरलेली किती आणि आज दुपारी दोनच्या पाळीला प्रत्यक्ष उभ्या किती, हे तीन वेगळे आकडे असतात. बैठकीत पहिल्यावर चर्चा होते, रुग्णाला तिसरा लागतो. कामाच्या तासांवरून माणसं काढायची एक पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनेच दिलेली आहे. एका कामाला किती वेळ लागतो आणि एक माणूस वर्षात खरोखर किती तास हजर असतो, यावरून गणित मांडायचं. वर मी केलं ते त्याचंच वहीतलं गावठी रूप.

खाटा आणि यंत्रं विकत मिळतात, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिकडेच जातं. लंडनच्या एक्सेल प्रदर्शन केंद्रात एप्रिल २०२० मध्ये काही दिवसांत सुमारे ४००० खाटांपर्यंत वाढवता येईल असं नाइटिंगेल रुग्णालय उभं केलं. पहिल्या लाटेत तिथे उपचार झाले पन्नासेक रुग्णांवर. जुन्या रुग्णालयांनी आपापले आयसीयू ताणून वाढवले होते हे एक कारण, पण प्रशिक्षित नर्सेस काही प्रदर्शन केंद्राबरोबर उभ्या राहत नाहीत, हे दुसरं.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला पालथं झोपवतात हे तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. ते एका पाळीत काय असतं ते बघा. एक जण डोक्याशी, दोन्ही हातांनी श्वासाची नळी धरून, तो सांगेल तेव्हाच बाकीच्यांनी हलायचं. दोन्ही बाजूंना दोन-दोन. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), कॅथेटर (लघवीची नळी), मॉनिटरच्या वायरी एकेक करून मोकळ्या करायच्या, आकडे म्हणायचे, एकदम वळवायचं, मग गालाखाली, खांद्याखाली, गुडघ्याखाली उशा. रुग्णाला सोळा तास तसं ठेवायचं असतं, मग परत उताणं. म्हणजे एका रुग्णासाठी दिवसातून दोनदा पाच माणसं किटमध्ये, आणि तेवढा वेळ त्यांचे बाकीचे रुग्ण कुणाच्या नजरेत? आम्ही शेवटी फक्त याच कामाची वेगळी टोळी केली. त्यात ऑर्थोपेडिक वॉर्डची माणसं घेतली, कारण प्लॅस्टरच्या रुग्णाला वळवायची त्यांच्या हाताला सवय होती. फिजिओथेरपिस्टही होते. डोक्याशी मात्र भूलतज्ज्ञच.

मला विचाराल तर महामारीच्या नियोजनाचा गाभा हा असा आहे. काम फोडायचं, आणि त्याचा कुठला तुकडा कोण थोड्या वेळात शिकू शकेल ते बघायचं. याचं सगळ्यात जबरदस्त उदाहरण १९५२ चं, कोपनहेगनचं. पोलिओची साथ, श्वास बंद पडणारे रुग्ण आणि ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासोच्छ्वासाची यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने घशात छेद करून नळी घालायची आणि हाताने पिशवी दाबून श्वास द्यायचा मार्ग सुचवला. पिशवी दाबायला वैद्यकीय विद्यार्थी आणले, सुमारे दीड हजार, पाळ्या लावून, रात्रंदिवस, कित्येक आठवडे. त्या विद्यार्थ्यांना तिथे डॉक्टरचं काम करायचं नव्हतं, फक्त पिशवी नीट दाबायची होती, आणि जवळ विचारायला भूलतज्ज्ञ होता. मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने उतरलं. आजच्या आयसीयूची सुरुवात बरेच जण तिथूनच धरतात.

'विद्यार्थ्यांना कामाला लावा' एवढंच वाक्य परिपत्रकात येतं तेव्हा मला त्या पिशवीची आठवण होते. काम नेमून दिलं नाही तर विद्यार्थी कोपऱ्यात उभा राहतो, आणि त्याला कुठे काय ठेवलंय ते सांगण्यात आमची एक सिस्टर जाते. इटलीने मार्च २०२० मध्ये वैद्यकीय पदवीनंतरची राज्य परीक्षा माफ करून नव्या डॉक्टरांचा मार्ग मोकळा केला, तो निर्णय योग्यच होता. पण परवाना ही पहिली पायरी. मग राहायची सोय, विमा, कोणाच्या हाताखाली, चूक झाली तर जबाबदारी कोणाची? या प्रश्नांची उत्तरं साथीच्या आधी लिहून ठेवता येतात, आणि त्याला फार पैसे लागत नाहीत.

निवृत्तांना बोलवायचं हाही ठरलेला उपाय. येतात, मनापासून येतात. पण कोव्हिडसारखा आजार वयस्करांनाच जास्त मारत असेल तर त्यांना आयसीयूत उभं करणं क्रूरपणा आहे. आमच्या एका निवृत्त मेट्रनबाई घरी बसून फक्त नातेवाइकांना फोन करायच्या, रोज संध्याकाळी, प्रत्येक रुग्णाच्या घरी. त्यामुळे आतल्या मुलींचे किती तास वाचले, ते मी वहीत मांडलंय.

दुसरीकडून माणसं उसनी आणणं हे लाट एकाच भागात असेल तर चालतं. २०२०च्या सुरुवातीला चीनने बाकीच्या प्रांतांतून ४२ हजारांहून जास्त आरोग्य कर्मचारी हुबेईत पाठवले. ते जमलं, कारण बाकीचे प्रांत त्या मानाने शांत होते. सगळीकडे एकदम पेटलं की कोण कुणाला देणार?

मग उरतं ते, काय बंद करायचं. याबद्दल उघड बोलायला कुणी तयार नसतं. आयसीयूत आलेली प्रत्येक सिस्टर कुठूनतरी उचललेली असते. प्रसूती, लसीकरण, डायलिसिस, कर्करोगाचे उपचार यांना हात लावायचा नाही आणि थांबू शकणाऱ्या शस्त्रक्रिया पुढे ढकलायच्या, हे साथीच्या आधी ठरलेलं असावं. नाहीतर जो वॉर्ड कमी आरडाओरडा करतो त्याची माणसं जातात. पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाच्या साथीत लायबेरियाने आपले सुमारे ८ टक्के डॉक्टर, नर्सेस आणि सुइणी गमावल्या. जिथे मुळातच मोजकी माणसं, तिथे याचा मार इबोला संपल्यावरही बाळंतिणींनी आणि लहान मुलांनी सोसला.

म्हणूनच कर्मचाऱ्यांचं संरक्षण हा मला दयेचा मुद्दा वाटत नाही, तो सरळ मनुष्यबळाचा मुद्दा आहे. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभर सुमारे १ लाख १५ हजार आरोग्य कर्मचारी कोव्हिडने गेले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांच्या नावापुढे टाळ्या लिहून पाळी भरत नाही.

एक धोरण मात्र मला मनापासून आवडलं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात वृद्धाश्रमातले कर्मचारी दोन-तीन ठिकाणी अर्धवेळ काम करायचे, आणि त्यांच्याबरोबर विषाणूही फिरायचा. २०२०च्या वसंतात तिथे 'एकाच ठिकाणी काम' असा आदेश निघाला. असे आदेश बरेच निघतात. पण त्यांनी सोबत पगारही समान पातळीवर आणले, म्हणजे दुसरी नोकरी सोडून कुणाचं नुकसान होऊ नये. बाई दोन ठिकाणी का जाते, याचा कुणीतरी विचार केला होता. आमच्याकडे कंत्राटी मुलींना विलगीकरणातले सात दिवस बिनपगारी धरले होते. काय झालं असेल? ताप लपवायला लागल्या. ते सात दिवस भरपगारी करून घेण्यात माझा दीड महिना गेला, आणि त्या दीड महिन्यात एका अख्ख्या तुकडीत आजार फिरला.

शेवटी एक अगदी छोटी गोष्ट. पहिल्या लाटेत आम्ही बाहेरून आयसीयूच्या नर्सेस शोधत होतो, आणि आमच्याच नेत्रविभागाच्या ओपीडीत सात वर्षं आयसीयू केलेली एक सिस्टर थेंब घालत बसली होती. आस्थापनेच्या कागदात ती फक्त 'स्टाफ नर्स' होती. ते कळलं चौथ्या आठवड्यात, तेही लिफ्टमध्ये बोलताना. त्यानंतर मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारत हिंडले, की याआधी कुठे काम केलंयस? अकरा नावं निघाली. दोन दिवसांच्या उजळणीवर व्हेंटिलेटर सांभाळू शकतील अशी. दुसऱ्या लाटेत पहिल्या दिवशी तीच यादी बाहेर काढली. मागच्या महिन्यात पुन्हा बघितली, तर त्यातल्या चौघी नोकरी सोडून गेल्यात आणि दोघींचे नंबर बदललेत. नवी करायला घेतली आहे.