नागपूरला गाडी शिकलेल्या माणसाला डाव्या स्टिअरिंगची सवय किती दिवसांत होते?

तुम्ही लिहिलंय की आठ वर्षं नागपुरात गाडी चालवताय, आता जर्मनीत नोकरी लागली, तिथं स्टिअरिंग डावीकडे, तर सवय व्हायला किती दिवस लागतात आणि भीती वाटून राहिली ते बरोबर आहे का. भीती वाटते ते चांगलंच आहे भाऊ. मी तीन वर्षं तिकडेच होतो, स्टुटगार्टजवळ, गिअरवाली गाडी होती, तर माझ्यासोबत जे झालं तेच सांगतो.

हातापायाचं म्हणाल तर आठवडाभर. पायाखाली काहीच बदलत नाही, क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर त्याच क्रमानं असतात, बऱ्याच जणांना वाटतं तेही उलटं असेल. फक्त गिअर उजव्या हातात येतो. पहिले चार-पाच दिवस गिअर टाकायला गेलो की माझा डावा हात दरवाज्यावर आपटायचा. आणि गिअरची आकृती तीच असली तरी आपल्याकडे पहिला गिअर अंगापासून लांब पडतो, तिकडे अंगाजवळ, त्यामुळे सिग्नल सुटला की मी पहिल्याच्या जागी तिसरा टाकायचो आन् गाडी बंद. इंडिकेटरची दांडीही डावीकडे, आपल्या मारुती-ह्युंदाईत ती उजवीकडे असते, म्हणून वळायच्या वेळी कोरड्या काचेवर वायपर फिरायला लागतो. हे सगळं आपोआप सुटतं, याची काळजी नका करू. जमत असेल तर सुरुवातीला ऑटोमॅटिक घ्या, डोकं रस्त्यासाठी मोकळं राहतं.

खरा त्रास गाडीच्या रुंदीचा आहे आणि हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं आपल्या अंगाला सवय असते की आपण उजवीकडे बसलोय आणि गाडी आपल्या डावीकडे पसरलीय. तिकडे आपण डावीकडे बसतो पण डोळे जुन्याच जागेवरून रस्ता बघतात, मग अख्खी गाडी हळूहळू उजवीकडे सरकत जाते आणि आपल्याला पत्ताच लागत नाही. बायको शेजारी बसली होती, ती न बोलता माझ्या बाजूला अंग चोरून सरकली, मी म्हटलं काय झालं, तेवढ्यात टक्क करून आवाज आला, उभ्या असलेल्या गाडीच्या आरशाला आमचा आरसा घासला होता. थांबून उतरलो, हात लावून बघितलं, नशिबानं त्याला काही झालं नव्हतं. त्या दिवसापासून मी एकच गोष्ट धरून ठेवली की ड्रायव्हर जवळपास सगळ्याच देशांत रस्त्याच्या मधल्या बाजूला असतो. आपल्या वर्धा रोडवर डिव्हायडर तुमच्या उजव्या खांद्याकडे असतो, तिकडे मधली रेघ डाव्या खांद्याकडे पाहिजे. 'डावा खांदा, मधली रेघ' अशी चिठ्ठी लिहून मी डॅशबोर्डवर चिकटवली होती, दोन महिने काढली नाही.

वळणांचं पण समजून घ्या. लॉ कॉलेज चौकात आपण डावीकडे सहज वळतो आणि उजवीकडे वळायला समोरची गर्दी कापावी लागते. तिकडे उजवं वळण सोपं आणि डावं मोठं, आणि डावीकडे वळल्यावर लांबच्या लेनमध्ये शिरायचं असतं, सवयीनं जवळच्या लेनमध्ये शिरलात की समोरून गाडी. सर्कलवर उजवीकडे वळून शिरायचं. आणि जर्मनीचा एक नियम आजच पाठ करा, ज्या चौकात सिग्नल नाही, बोर्ड नाही, तिथं उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, वस्तीतल्या छोट्या गल्ल्यांमध्ये हे सारखं लागतं.

आता महत्त्वाचं. ट्रॅफिकमध्ये चूक होत नाही, पुढच्या गाडीमागं आपण बरोबर जातो. चूक होते रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपावरून किंवा पार्किंगमधून बाहेर निघताना, आणि तीही पहिल्या दिवशी नाही तर दोन-तीन आठवड्यांनी, जेव्हा वाटायला लागतं की आता जमलं. स्वीडननं ३ सप्टेंबर १९६७ ला पहाटे अख्ख्या देशाची वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली तेव्हा सुरुवातीला अपघात कमी झाले होते, कारण सगळेच जपून चालवत होते, मग सवय झाली तसे आकडे परत पहिल्यासारखे झाले. म्हणून मी आजही कुठूनही बाहेर पडताना एक सेकंद थांबतो आणि कुठल्या बाजूला जायचं ते तोंडानं बोलतो.

लायसन्सचं एवढंच की तिथं राहायला गेल्यापासून सहा महिने आपलं चालतं, पुढं त्यांचं काढावं लागतं, म्हणून सराव लवकर सुरू करा. रविवारी तिकडे दुकानं बंद असतात, रस्ते मोकळे असतात, सोबत कोणीतरी बोलणारं घेऊन निघायचं, तीन-चार रविवार पुरतात.

आणि सुट्टीत घरी याल तेव्हा जास्त जपा. मी आलो तर दुसऱ्याच दिवशी पहाटे बाबांना स्टेशनवर सोडायला निघालो, मनीष नगरमधून बाहेर पडलो, रस्ता रिकामा, आणि मी आरामात उजव्या बाजूनं. बाबा ओरडले, "अबे, काऊन तिकडून चालला!" समोरून दुधाची गाडी येऊन राहिली होती, लाइट दिसत होते. तेव्हापासून नागपुरात उतरलो की पहिले दोन दिवस मी किल्ली भावाकडेच ठेवतो.