मुंबईची कोंडी महामार्ग रुंद करून सुटेल की मेट्रो-लोकल वाढवून?
मेट्रो-लोकल वाढवूनच. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराचा केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ मध्ये रुंद झाला, सेवारस्ते धरून काही ठिकाणी २६ मार्गिका! तरी काही वर्षांतच तो गर्दीच्या वेळी पुन्हा तुंबला. रस्ता मोकळा दिसला की गाड्या वाढतातच.

महामार्गाच्या एका मार्गिकेतून तासाला साधारण २,००० गाड्या जातात, त्यांतल्या कितीतरी गाड्यांत एकटाच माणूस. गर्दीच्या वेळी बारा डब्यांची एकच लोकल ४,००० हून जास्त माणसं नेते. अंधेरी-दहिसर मेट्रोत संध्याकाळी खिडकीशी उभे राहा, खाली पश्चिम द्रुतगती महामार्गावर लाल दिव्यांची रांग जागची हलत नसते.

पण स्टेशनाबाहेर बससाठी अर्धा तास ताटकळावं लागलं, तर माणूस दुसऱ्या दिवशी बाइकच काढणार. म्हणून मेट्रोइतकाच पैसा बेस्टच्या बसगाड्यांवर खर्च व्हायला हवा.