जो कोलमनला चित्रकार म्हणायचं की परफॉर्मर?

अमेरिकन कलाकार जो कोलमनचं नाव केवळ स्टेजवरच्या स्फोटांमुळे झालं का, असं तुम्ही विचारलं आहे. माझं उत्तर नाही असं आहे. स्फोटांमुळे गाजावाजा झाला हे खरं, पण टिकली ती चित्रं. मात्र ही दोन कामं वेगळी धरलीत तर त्याची कारकीर्द कळणार नाही.

त्याचा जन्म १९५५चा, कनेक्टिकटमधल्या नॉरवॉकचा. घर कॅथलिक, वडील दारूच्या आहारी गेलेले. न्यूयॉर्कला त्याने टॅक्सी चालवली, स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये काही काळ काढला, अंडरग्राउंड कॉमिक्स केली, 'स्टील टिप्स' या पंक बँडबरोबर स्टेजवर उभा राहिला. 'प्रोफेसर मॉम्बूझो' या अवतारात तो छातीला फटाके बांधून अंगावरच उडवायचा, जिवंत उंदरांची मुंडकी दाताने तोडायचा. अमेरिकेतल्या जुन्या जत्रांच्या तंबूंत पोटासाठी असले खेळ करणारी माणसं असत, त्यांच्याशी त्याने नातं जोडलं. उंदरांच्या प्रकाराचं समर्थन मी कधीच करणार नाही. स्वतःचं अंग भाजून घ्यायचा हक्क त्याला आहे, दुसऱ्या जिवावर तो पोचत नाही. १९८९ मध्ये बॉस्टनमधल्या प्रयोगानंतर प्रकरण कोर्टात गेलं आणि मॅसॅच्युसेट्सच्या एका जुनाट कायद्याखाली स्फोटक यंत्र बाळगल्याचा आरोप त्याच्यावर आला.

आता हाच माणूस चित्र कसं काढतो ते बघा. डोळ्यांवर जवाहिरे लावतात तसलं भिंग, हातात एका केसाचा ब्रश, समोर पॅनेल आणि ॲक्रिलिक. सबंध चित्राचा कच्चा आराखडा आधी काढायचा नाही. एक लहानसा तुकडा पुरा करायचा आणि मग शेजारच्याला हात घालायचा. त्यामुळे पूर्ण चित्र कसं दिसेल हे त्यालाही शेवटीच कळतं. मधोमध एक माणूस असतो. भोवती त्याच्या आयुष्यातले प्रसंग, आणि उरलेल्या फटींत मुंगीएवढ्या अक्षरांत मजकूर. चर्चमधल्या जुन्या वेदीचित्रांत संतांची चरित्रं अशीच मांडलेली असतात. कोलमन त्या जागी खुनी पंथाचा म्होरक्या चार्ल्स मॅन्सन आणि खुनी एड गीन यांना बसवतो, आणि गायक हँक विल्यम्सलाही. 'मॉमी/डॅडी' या १९९४च्या चित्रात त्याने आईवडिलांना एकाच देहात अर्धंअर्धं जोडलं आहे. घरातलं जे दुखणं स्टेजवर क्षणात फुटून जायचं, त्याच्यासमोर इथे तो महिनोन्‌महिने बसून राहिला. माझ्या मते या माणसाचं खरं धाडस हे आहे.

कलाविश्वाला तो कुठल्या कप्प्यात बसवावा हे बराच काळ कळलं नाही. बड्या गॅलऱ्यांना तो फार रांगडा वाटला. उलट स्वयंशिक्षित कलाकारांच्या आउटसायडर आर्ट फेअरने तो कलाशाळेत शिकला म्हणून त्याला वगळलं. हा निर्णय मला अजूनही अन्यायाचा वाटतो. युरोपने मात्र दखल घेतली. २००७ मध्ये बर्लिनच्या केडब्ल्यू संस्थेत त्याचं मोठं प्रदर्शन झालं, त्याच वर्षी पॅरिसच्या पॅले द टोकियो या कलाकेंद्रातही त्याचं काम लागलं. पुढे त्याने स्वतःचं पुरुषभर उंचीचं चित्र केलं, 'डोअरवे टू जो'. नंतर पत्नीचंही तसंच.

त्याच्या 'ऑडिटोरियम' (Odditorium, 'ऑड' म्हणजे विचित्र यावरून केलेलं नाव) या खाजगी संग्रहाबद्दल लोक हमखास विचारतात. त्यात मेणाचे पुतळे आहेत, आणि अल्बर्ट फिश या खुन्याने, त्यानेच मारलेल्या मुलीच्या आईला पाठवलेलं मूळ पत्रही आहे. असं पत्र कुणाच्या मालकीचं असावं का, हा प्रश्न मला छळतो, आणि कोलमन मला आवडतो म्हणून तो सुटत नाही.

त्याची चित्रं पाहणार असाल तर मॅन्सनपासून सुरुवात करू नका, तिथे लक्ष गुन्ह्याकडेच जातं. हँक विल्यम्स घ्या, फोटो मोठ्या रिझोल्यूशनचा शोधा आणि कडेच्या प्रसंगांपासून हळूहळू चेहऱ्याकडे या.