24 मेगापिक्सेलचा सेन्सर खरोखर किती बारकावा टिपतो, हे मुंबईत घरच्या घरी कसं मोजायचं?

आधी मर्यादा काढा. एपीएस-सी (बऱ्याच कॅमेऱ्यांतला मध्यम आकाराचा) सेन्सर 23.5 मिमी रुंद, आडवे 6000 पिक्सेल. म्हणजे एक पिक्सेल साधारण 3.9 मायक्रॉन आणि नायक्विस्ट मर्यादा, म्हणजे पिक्सेलना वेगळा ओळखता येणारा सर्वात बारीक नमुना, मिमीला सुमारे 128 रेषाजोड्या (एक काळी, एक पांढरी रेघ मिळून एक जोडी). त्यापलीकडे दिसणाऱ्या रेषांवर विश्वास ठेवू नका, तो मॉयरे, म्हणजे पिक्सेलच्या जाळीने तयार केलेला खोटा नमुना.

मग तिरक्या कडेची पद्धत (आयएसओ 12233 हे कॅमेऱ्याचा बारकावा मोजण्याचं आंतरराष्ट्रीय मानक). कोरं दाढीचं ब्लेड ट्रेसिंग पेपरसमोर चिकटवा, मागून एलईडी दिवा, कड उभ्या रेषेपासून सुमारे 5 अंश कललेली. कड अगदी सरळ ठेवलीत तर ती प्रत्येक ओळीत पिक्सेलला एकाच जागी कापते आणि पिक्सेलहून बारीक नमुने मिळतच नाहीत. सगळी गंमत त्या कलण्यात आहे. लेन्सचं छिद्र एफ/5.6, कॅमेऱ्यातलं आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) सर्वात कमी, रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल. पांढरा भाग जळू देऊ नका. जेपेग नकोच: कॅमेऱ्यातलं शार्पनिंग बारकाव्याच्या आलेखाला खोटा फुगवटा आणतं. फोकस किंचित सरकवत दहाएक फोटो घ्या, सर्वोत्तम तोच धरा. फोटोतल्या कडेवरून हा आलेख काढणारं ‘एमटीएफ मॅपर’ सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यातला एमटीएफ50 पाहा, म्हणजे किती बारीक रेषांवर कॉन्ट्रास्ट निम्म्यावर येतो तो आकडा.

एफ/16 वर, म्हणजे बारीक छिद्रावर, मोजलंत तर विवर्तनच (छिद्रातून जाताना प्रकाशाचं पसरणं) मिमीला 114 रेषाजोड्यांच्या आसपास सगळं कापतं, सेन्सर बिचारा उगाच बदनाम.

रुळांलगतच्या दादर-परळच्या इमारतीत लोकल गेल्यावरच शटर दाबा, तेही टायमरने; पंखा बंद. पावसाळ्यात एसीतून कॅमेरा बाहेर काढलात तर काचेवरचं बाष्प जाईपर्यंत थांबा.

येणारा आकडा लेन्स आणि सेन्सर दोघांचा मिळून असतो. दोन कॅमेरा-बॉडींची तुलना करायची तर लेन्स तीच हवी.