फक्त 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स'साठी निन्टेन्डोचा स्विच (गेम कन्सोल) घ्यावा का?

एकाच गेमसाठी? माझ्या मते नको, पण एका प्रकारच्या माणसासाठी हो.

२०२० साली आलेला, आपलं बेट वसवायचा हा गेम खऱ्या घड्याळावर चालतो. आज पुलाचे पैसे भरले की पूल उद्या उभा राहतो, आणि ऑफिसातून उशिरा येऊन रात्री दहानंतर खेळायला बसलात तर दुकान बंद! नदी वळवणं, डोंगर कापणं हे तर बेटाला तीन ताऱ्यांचं मानांकन मिळाल्यावर, म्हणजे बऱ्याच दिवसांनी. रोज अर्धा तास शांतपणे खेळणाऱ्याला हे मानवतं. रविवारी सलग सहा तास घर बांधायचं असेल, तर चिडचिड होईल.

घरात दोघं खेळणार असाल तर नीट ऐका: एका कन्सोलवर बेट एकच. जो आधी सुरू करेल त्याच्याच हातात सगळा कारभार. (यावरून भांडणं होतात, गंमत नाही.)

नुसतं बांधकामच हवंय? मग 'टाउनस्केपर' हा गेम फोनवरही चालतो, तो आधी खेळून बघा. तरीही स्विचच हवा असेल तर स्वस्तातला 'स्विच लाइट' पुरेल, फक्त तो टीव्हीला जोडता येत नाही. आणि आपल्याकडे बहुतेक माल आयातीचा, तेव्हा वॉरंटीचं आधी विचारा.